कान साथ देईनासे झाले, स्टेथोस्कोप सुटला. तरी ‘नोबेल’पर्यंत पोहोचलेले डॉक्टर निकोल

कंधार, लोहा, मुखेड भागातील अनेक मुले दहावी झाली की ‘नीट’च्या तयारीसाठी लातूर-नांदेड गाठतात. डॉक्टर होण्याच्या त्या स्वप्नात गळ्यातला स्टेथोस्कोप असतोच. पण शिकता शिकताच ऐकू येणे कमी होऊ लागले तर? फ्रान्समधील एका विद्यार्थ्यावर ही वेळ आली होती. त्याचे नाव शार्ल निकोल.

कोण होते निकोल?

निकोल यांचा जन्म 21 सप्टेंबर 1866 रोजी फ्रान्समधील रुआँ शहरात झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही तीच वाट धरली. मात्र ऐन तारुण्यातच त्यांना कमी ऐकू येऊ लागले. हृदयाच्या ठोक्यांतील बारीक फरक, फुप्फुसातील हलकी घरघर हे आवाज आधीच मंद असतात. ते टिपता येत नसतील तर रुग्ण तपासणे अवघड. त्या काळी एक्स-रेची तपासणीही दवाखान्यात आलेली नव्हती. डॉक्टरची सारी भिस्त कानांवर असे.

दिशा कशी बदलली?

निकोल यांनी वैद्यक सोडले नाही, त्यातली वाट बदलली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते जंतुशास्त्र शिकले. तिथे कानांपेक्षा सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या डोळ्यांचे काम जास्त होते. 1893 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. 1903 मध्ये ते उत्तर आफ्रिकेतील ट्युनिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले.

दवाखान्याच्या दारात काय दिसले?

ट्युनिसमध्ये टायफसची साथ वारंवार येई. हा टायफॉइड नव्हे. यात तीव्र ताप येतो, अंगावर पुरळ उठते आणि उपचार नसतील तर जीवही जातो. रुग्ण दवाखान्याच्या दारापर्यंत येताना इतरांना लागण करत. त्यांचे कपडे गोळा करणारे आणि धुणारे कर्मचारीही आजारी पडत. मात्र अंघोळ घालून, कपडे बदलून रुग्ण वॉर्डात गेला की शेजारच्या खाटेवर लागण होत नसे. म्हणजे रोग पसरवणारे जे काही होते, ते अंगावर आणि कपड्यांत होते. निकोल यांचा संशय उवांवर गेला.

1909 मध्ये त्यांनी आजारी माकडावरच्या उवा निरोगी माकडांवर सोडल्या. तीही आजारी पडली. संशय खरा ठरला. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या अंगावरील आणि कपड्यांतील उवा मारण्याच्या मोहिमांना याच शोधाचा आधार मिळाला. 1928 मध्ये निकोल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 28 फेब्रुवारी 1936 रोजी ट्युनिसमध्येच त्यांचे निधन झाले.

आजच्या विद्यार्थ्याने काय करावे?

निकोल यांच्या काळी कानाला फारसा इलाज नव्हता. आज श्रवणयंत्रे आहेत, आवाज मोठा करून ऐकवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपही आहेत. त्यांचा उपयोग होण्यासाठी त्रास आधी सांगावा लागतो. पोरे हसतील म्हणून अनेक जण तो लपवतात.

• वर्गात पुन्हा पुन्हा विचारावे लागते, कानात सतत गुणगुण होते? कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्या.
• अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
• इअरफोनचा आवाज कमी ठेवा. 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.
• 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात. वैद्यकीय प्रवेशाचे निकष वेगळे असतात, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा.

निकोल यांना आपली अडचण ओळखून वेळीच वाट बदलता आली. आज वाट न बदलताही पुढे जाता येते, पण त्यासाठी कानाची तपासणी वेळेत व्हायला हवी.