काचपट्टीपाशी बसलेले डॉक्टर खानोलकर

पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोलची खाडी ओलांडली की वेंगुर्ले तालुका लागतो. खानोली गाव त्यातले. खानोलकर हे आडनाव त्या मातीतले, पण कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर जन्मले दूर क्वेट्ट्यास, 13 एप्रिल 1895 रोजी. 1923 साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. मिळवून त्यांनी पुढे मुंबईत अध्यापन केले. 1941 साली परळला टाटा रुग्णालय उघडले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या. 1960 ते 1963 ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. परंतु त्यांची खरी गादी सूक्ष्मदर्शकासमोरची.

आम्ही कोल्हापुरात मुरलो, तरी घराणे मूळ डिचोलीचे. 1958 साली तिथल्या माझ्या आत्याच्या स्तनात गाठ आली. लाजेने ती कित्येक महिने बोललीच नाही. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. परवान्याची कटकट सोसून तिला मुंबईस नेले, गाठ काढली. वर्षभरात पाठीचा कणा दुखू लागला. रोग हाडांत उतरला होता. शांतादुर्गेला नवस बोलून झाले. गाठीला कर्करोग म्हणतात, याहून अधिक आम्हाला काही कळले नाही.

कर्करोग सर्वांचा सारखा नसतो, हे मात्र खानोलकरांनी त्याआधीच ओळखले होते. मुंबईतल्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. एकाच शहरात हे असे का, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. त्यांच्या हाताखाली 1949 साली डॉक्टरेट मिळवलेल्या कमल रणदिवे यांनी पुढे उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. 1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचे पहिले संचालक खानोलकरच.

आज रोग पसरल्यावरही पहिला प्रश्न काचपट्टीला विचारतात: गाठ स्त्री-संप्रेरकावर पोसते आहे का? पेशींवर हर-टू हे प्रथिन फाजील आहे का? पहिल्या जातीसाठी टॅमॉक्सिफेन 1970 नंतरच्या दशकात आले, दुसरीसाठी ट्रास्टुझुमॅब 1998 साली. 2019 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एक औषध तर त्याच प्रतिपिंडाच्या पाठीवर विष बांधून ते थेट पेशीत सोडते. रोग समूळ जात नाही, पण कित्येकींना वर्षे मिळतात. मात्र किंमत ऐकून छाती दडपते!

शस्त्राचे काय? रोग पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ कापून आयुष्य वाढते का, हे टाटा रुग्णालयानेच 350 स्त्रियांच्या साहाय्याने तपासले. 2015 साली उत्तर प्रसिद्ध झाले: वाढत नाही. आपलीच शस्त्रक्रिया अशी कसोटीला लावायला धैर्य लागते.

खानोलकर 29 ऑक्टोबर 1978 रोजी निवर्तले. डिचोलीच्या माझ्या भाचीचा आजार गेल्या वर्षी यकृतात पोचल्याचे कळले. तपासणीच्या कागदावर हर-टू ठळक होते. ती दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेते. चतुर्थीला माटोळी तिनेच बांधली.