आनंदीबाई जोशी : बोट सुटेपर्यंतची पाच वर्षे

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहोत. पहिली भारतीय स्त्री डॉक्टर, अमेरिकेत शिकली, लवकर वारली. परीक्षेत एक गुण मिळवून देणारे हे उत्तर पाठ करून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण ही बाई अमेरिकेला गेली म्हणजे नेमके काय झाले? तिकीट काढले आणि बोटीत बसली, इतके ते सोपे होते का? 7 एप्रिल 1883 या दिवशी कलकत्त्याच्या बंदरातून तिची बोट सुटली. त्या आधीची पाच वर्षे ती निघत होती आणि थांबत होती. तिच्या चरित्रातला हा भाग वाचकांपुढे ठेवावा असे मला वाटले.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी. योगायोग असा की, त्याच 1865 साली थळ घाट चढून आगगाडी प्रथम आपल्या इगतपुरीपर्यंत आली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. आजही बहुतेक गाड्यांना कसाऱ्याहून वर येण्यासाठी मागे जादा इंजिने लावावी लागतात. कल्याणची मुलगी पुढे कलकत्त्याला गेली ती याच मार्गाने, कारण मुंबईहून कलकत्त्याची आगगाडी त्या काळी याच घाटातून, भुसावळ-जबलपूरवरून जात असे. आपल्या स्टेशनात तिची गाडी पाणी-कोळशाला उभी राहिली असेल. याची नोंद कोठे नाही, पण फलाटावरून जाताना मला तसे वाटल्यावाचून राहत नाही.

वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी मुलीच्या वडिलांना एकच अट घातली होती : बायकोला शिकवू द्यायचे. हुंडा, मानपान यांवरून लग्ने मोडत, त्या काळात ही अट चमत्कारिकच म्हटली पाहिजे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि तिचा अभ्यास सुरू झाला.

हा अभ्यास गोड नव्हता. गोपाळराव तापट, विक्षिप्त. बायको पुस्तक सोडून चुलीपाशी दिसली की ते संतापत, हाताला लागेल ते फेकून मारीत. इतर नवरे स्वयंपाक बिघडला म्हणून मारीत, हे स्वयंपाक केला म्हणून! पुढे अमेरिकेहून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या माराची आठवण नवऱ्याला स्पष्ट शब्दांत करून दिली आहे, आणि त्याच पत्रांतून त्यांचे ऋणही मानले आहे. गोपाळरावांना कोणी देव करतात, कोणी राक्षस. मला दोन्ही पटत नाही. त्यांनी दार उघडले हे खरे, आणि ढकलूनच उघडले हेही खरे. ज्या मुलीला ढकलले जात होते तिची स्वतःची इच्छा त्यात केव्हा मिसळली, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बहुधा 1878 सालात आहे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. पुरुष डॉक्टरापुढे बाईने जायचे नाही, आणि भारतीय बाई डॉक्टर तर नव्हतीच. आपण डॉक्टर व्हायचे, हा विचार तेथून तिच्या मनात पक्का होत गेला.

त्याच वर्षी गोपाळरावांनी कोल्हापुराहून एक पत्र लिहिले. कोल्हापुरात पूर्वी काम केलेले वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी तेव्हा मायदेशी परतून एक मासिक चालवीत होते. आपल्याला तिकडे नोकरी आणि पत्नीला शिक्षण मिळेल का, असे गोपाळरावांनी विचारले होते. त्यावर वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती होण्याचा उपदेश केला आणि हा पत्रव्यवहार 1879 मध्ये आपल्या मासिकात छापून टाकला. जोशी पतिपत्नी धर्म सोडायला तयार नव्हती. पहिला बेत तेथेच थांबला.

पण छापलेला कागद कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेला मासिकाचा जुना अंक त्यांनी सहज चाळला. नवऱ्याला शिकवायची इच्छा आहे आणि बायकोला शिकायची, एवढे वाचून त्या हलल्या आणि त्यांनी पत्र पाठवले. तेव्हापासून दोघींची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. सारखी डोकेदुखी, ताप, अशक्तपणा यांनी त्या बेजार असत. मावशींनी एवढ्या लांबून औषधेही पाठविली. एकमेकींना न पाहता जडलेले हे नाते मला या चरित्रातील सर्वांत हृद्य भाग वाटतो.

आमंत्रण मिळाले, तरी निघायचे कसे? गोपाळरावांच्या बदल्या सुरूच होत्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छमधील भूज, आणि 1881 मध्ये थेट कलकत्ता. मग बराकपूर, मग श्रीरामपूर. हे आपले नगर जिल्ह्यातील नव्हे, बंगालमधील. प्रत्येक ठिकाणी नवे घर, नवी हवा, नवे आजारपण. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी, हातात पुस्तक घेतलेली बाई पाहून लोक हसत, टोमणे मारीत. दोघांनी मिळून जायचे तर पैसा नाही, शिवाय गोपाळरावांच्या पगारावर घरची माणसे अवलंबून. शेवटी तू एकटीच जा, असे ठरले. एकटीने जायचे तर बोटीवर सोबत पाहिजे. ती मिळेपर्यंत आणखी थांबणे आले.

हे थांबणे मला कळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावीनंतर एक वर्ष मी घरी काढले, कारण रोज येण्याजाण्याला सोबत नव्हती. नाही असे कोणीच म्हणाले नाही. पुढच्या वर्षी बघू, एवढेच म्हणत होते. नकारावर निदान भांडता तरी येते.

मुलगी समुद्र ओलांडणार हे कळताच हिंदू समाज चिडला. समुद्रगमन म्हणजे धर्म बुडाला, जात गेली. बाटून मगच जाईल, अशी दुसरीकडे मिशनऱ्यांची आशा. या दोघांच्या मधोमध उभी राहून आनंदीबाई 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत बोलल्या. वय अठराला थोडे कमी. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत होते ते त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले : अमेरिकेलाच का, येथे शिकता येणार नाही का, एकटी का, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय, वाटेत संकट आले तर काय, आणि कोणत्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करायचे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी जाहीर केले आणि देशाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे तेही समजावून सांगितले. बातमी पसरली आणि काही लोकांनी मदतही केली. तिकिटासाठी त्यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या.

मग 7 एप्रिल. बोटीचे नाव ‘सिटी ऑफ कलकत्ता’. अठरावा वाढदिवस होऊन एकच आठवडा झालेला, म्हणजे आज माझ्याहून एक वर्षाने लहान. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण ही सोबत सुखाची ठरली नाही; धर्मांतराचा आग्रह बोटीवरही सुटला नाही. शाकाहारी मुलीने तेथे खायचे काय, हा रोजचाच प्रश्न. सुएझच्या कालव्यातून इंग्लंड, तेथून अटलांटिक महासागर. 4 जून 1883 रोजी ती न्यू यॉर्कला उतरली. कार्पेंटरमावशी बंदरावर न्यायला आल्या होत्या.

पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश, तीन वर्षे अभ्यास, कडाक्याच्या थंडीतही अंगावर लुगडे, आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. प्राचीन हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा प्रबंधाचा विषय आनंदीबाईंनी निवडला होता. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने दुसरा कोणता विषय घेतला असता? कोल्हापूर संस्थानाने आपल्या दवाखान्यातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली.

परंतु क्षयाने तोवर देह पोखरला होता. नोव्हेंबर 1886 मध्ये त्या गोपाळरावांसह मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. कोल्हापूरची जागा वाट पाहत राहिली. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर असताना. डॉक्टर म्हणून त्यांना एक दिवसही कामावर जाता आले नाही.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटरमावशींकडे पाठविल्या. न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी या गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या पुरल्या आहेत. तेथील दगडावर आनंदीबाईंचे नाव कोरलेले आहे.