प्रश्न विचारले, पण घर सोडले नाही : रेव्हरंड नारायण वामन टिळक



ख्रिस्तसभेत राहून प्रश्न विचारता येतात का? पॅरिश कौन्सिलचा एखादा निर्णय पटला नाही, उपासनेची एखादी पद्धत परकी वाटली, शिकवणुकीतला एखादा मुद्दा उमजला नाही, तर फादरांना किंवा वडीलधाऱ्यांना तसे स्पष्ट सांगावे का? पुष्कळांना वाटते की सांगू नये. सांगितले तर आपली श्रद्धाच कच्ची ठरेल. मग काहीजण मनातल्या मनात कुढत राहतात, तर काहीजण एक दिवस मिस्सेला येणेच बंद करतात. ह्या दोन्ही वाटा सोडून तिसऱ्या वाटेने गेलेल्या एका माणसाचे चरित्र ह्या रविवारी आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. ते कॅथलिक नव्हते. पण आयुष्यातील सर्वांत अवघड प्रश्न त्यांनी ज्या गावी राहून विचारला, ते गाव आपले सातारा.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई लहानपणीच वारली. वडील कडक स्वभावाचे होते. नारायणने लहान वयातच घर सोडले आणि नाशिकला राहून संस्कृतचा अभ्यास केला. जेथे गेले तेथे काव्य, व्याख्यान आणि वाद ह्यांत त्यांचे नाव झाले. देशाची अवस्था पाहून ते अस्वस्थ होत. जातिभेदाने माणसे तुटली आहेत, त्यांना जोडील असा एखादा नवा धर्मच काढावा, असा विचारही त्यांच्या मनात घोळत होता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांच्या काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार भेट दिला. त्या माणसाचे नाव टिळकांना पुढेही कधी कळले नाही. वचन दिले म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. ज्या धर्माच्या शोधात आपण होतो तो येथे आहे, असे त्यांना वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता एका मराठी पाळकाच्या हातून घेतला. पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज ह्या एका कृतीत आहे. त्यांना ख्रिस्त हवा होता. मात्र तो साहेबाच्या हातूनच घ्यावा लागतो, हे त्यांना मान्य नव्हते.

ह्या निर्णयाची किंमत घरालाही द्यावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई सनातनी घरात वाढलेल्या. नवरा बाटला ह्या दुःखाने त्या मोडून गेल्या आणि काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या परत आल्या, स्वतः विचार करून जातिभेद सोडला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सगळी हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात हसत-रडत सांगितली आहे. त्यात टिळक देवमाणूस म्हणून रंगवलेले नाहीत. राग नाकावर, हातात पैसा टिकत नाही, घरात मीठमिरची नसताना दुसऱ्याला मदत करून मोकळे, असा हा माणूस होता.

ख्रिस्ती झाल्यावर टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आले. तेथे त्यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवले आणि १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतली. १९१२ पासून 'ज्ञानोदय' ह्या जुन्या ख्रिस्ती पत्राच्या मराठी भागाचे ते संपादक झाले. मिशनची शिस्त कडक होती. कोण कोठे काम करील, त्याला किती पगार मिळेल, मंडळीत काय चालेल, हे बहुतांशी मिशनरी ठरवीत. ते मिशनरी वाईट नव्हते. डॉ. ह्यूम ह्यांच्यासारख्यांवर टिळकांचे मनापासून प्रेम होते. दुष्काळात ह्याच मिशनऱ्यांनी अनाथ मुले सांभाळली, शाळा काढल्या, दवाखाने चालवले. प्रेम असल्यामुळेच प्रश्न विचारणे अधिक अवघड होते.

टिळकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला नेतृत्वाविषयी होता. ज्या मंडळीचा पैसा बाहेरून येतो, निर्णय बाहेरचे लोक घेतात आणि पाळक पगारी नोकर असतो, ती मंडळी आपल्या पायांवर कधी उभी राहणार? मिशनऱ्याने धनी न होता भाऊ व्हावे, असे ते उघडपणे लिहीत. मिशनशी जोडलेल्या पत्रात मिशनवर टीका करीत, आणि त्या पत्राने ती टीका छापली, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न उपासनेचा व शिकवणुकीचा होता. ख्रिस्त पूर्वेकडे जन्मला, मग त्याचे भजन करताना मराठी माणसाने परक्या चालीत, परक्या पोशाखात का उभे राहावे? तुकोबांच्या अभंगांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. आपल्या संतांनी केलेली मशागत देवाचीच आहे, ती पुसून टाकू नये, असा त्यांचा आग्रह होता. केवळ तक्रार करून ते थांबले नाहीत. त्यांनी शेकडो भक्तिगीते आणि अभंग लिहिले. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची प्रथा आधीपासून होती, तिला त्यांनी नवे बळ दिले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभिले. ते अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून पुढे नेले. आज मराठी ख्रिस्ती माणूस कोणत्याही मंडळीचा असो, टिळकांची गीते त्याच्या ओठांवर असतातच.

१९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्याला येऊन राहिले. निवृत्तीचा विचार करण्याच्या वयात त्यांनी ठराविक आधार सोडला. संन्याशाच्या वृत्तीने, पण पत्नी-मुलांना न टाकता, ख्रिस्ताची सेवा करायचे त्यांनी ठरवले. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुसंघ होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले यावेत आणि न घेतलेलेही यावेत. कोणत्याही पंथाचे यावेत. परदेशी पैशावर तो चालू नये. आणि त्याची नवी मंडळी, नवा पंथ होऊ नये, अशी त्यांची कल्पना होती.

ह्यातील पंथाचा मुद्दा आपल्या भागात चांगला समजतो. त्या काळी साताऱ्याकडचा प्रोटेस्टंट ख्रिस्ती बहुधा अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रेगेशनल पद्धतीचा असे आणि सांगली-मिरजेकडचा प्रेस्बिटेरियन असे. का? तर येथे ते मिशन आले आणि तेथे हे. त्या भेदांचे वाद युरोपात झाले होते. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याचा किंवा मजुराचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. एकाच नदीचे पाणी पिणारे आणि एकाच भाषेत प्रार्थना करणारे लोक दुसऱ्यांच्या भांडणांवरून वेगळे का राहावेत, हा टिळकांचा प्रश्न होता. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ह्या दोन परंपरा एका संयुक्त मंडळीत आल्या आणि १९७० मध्ये त्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले.

बाप्तिस्म्याविषयीचा त्यांचा विचार मात्र आम्ही जसाच्या तसा स्वीकारू शकत नाही, हे स्पष्ट सांगतो. स्नानसंस्कार हे ख्रिस्तसभेचे दार आहे. दाराबाहेर उभे राहून घरात असल्यासारखे वागता येत नाही. पण टिळकांचा प्रश्न खोटा नव्हता. बाप्तिस्मा घेताच ज्याचे आईबाप, जात, वाडा, सगळे तुटते, अशा माणसाने ख्रिस्तावर प्रेम करायचेच नाही का? दाराकडे निघालेल्या माणसाला वाटेवर कोणी सोबत करायची की नाही? आपल्या ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत, १९६४ साली, ह्याचा विचार केला. स्नानसंस्काराची मनापासून इच्छा धरून तयारी करणाऱ्यांना ख्रिस्तसभा आधीच आपले मानते, आणि प्रामाणिकपणे देवाला शोधणाऱ्यांवरही देवाची कृपा असते, असे परिषदेने शिकवले. दार जागेवरच राहिले, पण अंगणात उभ्या असलेल्यांकडे आईने पाहिले. टिळकांचे उत्तर आपले नसेल. त्यांचा प्रश्न मात्र आपलाही होता.

आता मूळ मुद्दा. एवढे सगळे विचारूनही टिळक बाहेर का पडले नाहीत? नोकरी सोडली तरी ख्रिस्ती समाज त्यांनी सोडला नाही. 'ज्ञानोदय'चे काम त्यांनी शेवटपर्यंत केले. त्यांना स्वतःचा पंथ काढणे कठीण नव्हते. नाव होते, वाणी होती, गाणी होती. तरी त्यांनी तो मोह टाळला. ह्याची तीन कारणे आम्हांला दिसतात. एक, त्यांचा राग व्यवस्थेवर होता, ख्रिस्तावर नव्हता. आणि ख्रिस्त आपल्याला ह्याच माणसांमुळे भेटला, हे ते विसरले नाहीत. दोन, जे मागितले त्याची किंमत त्यांनी प्रथम स्वतः भरली. पगारी सेवेवर टीका केली आणि मग पगाराची नोकरी सोडली. तीन, जे मोडावे असे वाटले त्याच्या जागी त्यांनी काही घडवून दिले. परक्या चालींना विरोध केला, तर मराठी गाणीही दिली.

प्रश्न विचारणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या महान ग्रंथाची मांडणीच अशी आहे की प्रत्येक विषय प्रश्नाने सुरू होतो, आधी विरोधकांचे आक्षेप पूर्ण ऐकून घेतले जातात आणि मग उत्तर येते. अंत्युखियात संत पौलाने संत पेत्राची चूक त्याच्या तोंडावर दाखवली, पण म्हणून पेत्राला सोडून वेगळी चूल मांडली नाही. सिएनाच्या संत कॅथरिन ह्यांनी पोपमहोदयांना रोमला परतण्याविषयी कळकळीने बजावले आणि तरी त्या ख्रिस्तसभेची लेक म्हणूनच जगल्या.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. त्या काळी ख्रिस्ती माणसाने असे मागणे म्हणजे धक्काच होता. कॅथलिक ख्रिस्तसभेने दहनाला मोकळीक दिली ती १९६३ मध्ये. 'देवाचा दरबार' त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही; दोन वर्षांत मुळे धरायला वेळच मिळाला नव्हता. पण बीज वाया गेले नाही. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो ह्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, आणि त्यातून पुण्यात जो आश्रम उभा राहिला, तेथे १९७२ पासून कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनी एकत्र राहून प्रार्थना करू लागल्या. साताऱ्यात पाहिलेल्या स्वप्नाचा एक तुकडा पुण्यात असा उगवला.

ह्या चरित्रातून दोन बाजूंनी शिकण्यासारखे आहे. ज्यांच्या मनात प्रश्न आहेत त्यांनी ते चहाच्या टपरीवर न बोलता सभेत, नावानिशी आणि प्रेमाने बोलावे. आणि बोलण्याआधी स्वतःला विचारावे की ह्याची किंमत भरायला मी तयार आहे का. आणि आम्ही धर्मगुरू, कौन्सिलचे सदस्य, मंडळांचे प्रमुख, ज्यांच्या हातात थोडाफार अधिकार आहे, त्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला घरभेदी समजू नये. त्याची खुर्ची काढून घेऊ नये. ज्या पत्राने टिळकांची टीका छापली, त्याच पत्राला त्यांची सेवा शेवटपर्यंत मिळाली. ती टीका दाबली असती, तर कदाचित मराठी ख्रिस्ती समाज आपल्या सर्वांत मोठ्या कवीला मुकला असता.

पुढच्या वेळी गायनवृंदाने टिळकांचे गीत सुरू केले की क्षणभर आठवा, हे शब्द एका अस्वस्थ माणसाचे आहेत. तो पुष्कळदा रागावला, पण प्रार्थना करायची थांबला नाही. प्रभू आपल्यातील प्रश्न विचारणाऱ्यांना धीर देवो आणि ऐकणाऱ्यांना नम्रता देवो. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपले,
धर्मगुरू