डोलणाऱ्या इमारतींतली भीती घालवणारे फजलुर रहमान खान

मुंबईहून हजला निघालेले आपले लोक जेद्दाहच्या हज टर्मिनलवर उतरतात, तेव्हा डोक्यावर पांढऱ्याशुभ्र तंबूंचं छप्पर दिसतं. पिशव्या सांभाळत रांगेची वाट बघणाऱ्या हाजींना त्या सावलीचा मोठा आधार वाटतो. ही सावली उभी करण्यात ज्यांचं डोकं होतं ते इंजिनिअर ढाक्याचे होते आणि जगातली त्यावेळची सर्वांत उंच इमारतही त्यांनीच उभी करून दाखवली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. म्हणूनच आज आम्ही मरहूम फजलुर रहमान खान यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ चा. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक, त्यामुळे आकडेमोडीची गोडी घरातूनच लागली. कोलकात्याजवळच्या शिबपूर इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण सुरू होतं, पण १९५० च्या दंगलींच्या काळात त्यांना ढाक्याला परतावं लागलं आणि पदवी तिथे पूर्ण झाली. १९५२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात त्यांनी तीनच वर्षांत दोन मास्टर्स पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली. १९५५ मध्ये ते शिकागोच्या ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या कंपनीत रुजू झाले.

आता त्यांनी नेमकं काय केलं ते समजून घेऊ. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचं वजन नव्हे, वारा. वारा इमारतीला आदळून दोन्ही बाजूंनी पुढे जातो, तेव्हा त्याचे भोवरे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतात. त्यांना एक ताल असतो. इमारतीलाही डोलण्याचा स्वतःचा ताल असतो. दोन्ही ताल जुळले, तर झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. धक्का लहानच, पण झोका वाढत जातो. इमारत पडत नाही, पण वरच्या मजल्यावरचा माणूस घाबरतो.

जुन्या पद्धतीत आत खांब-तुळयांचं जाळं उभारत. उंची वाढली की वाऱ्यापायी लोखंड बेसुमार वाढायचं. खान यांनी बांबूसारखा विचार केला. बांबू आतून पोकळ असतो, सगळी ताकद बाहेरच्या कडेला, तरी तो वादळात टिकतो. त्यांनी खांब बाहेरच्या भिंतीत जवळजवळ बसवले, तुळयांनी जोडले आणि तीच चौकट मजल्यामागून मजला तशीच पुन्हा पुन्हा रचली. अशी पूर्ण इमारतच एक नळी झाली. शिकागोची ४३ मजली डीविट-चेस्टनट ही त्यातली पहिली.

पण या रचनेतही एक उणीव होती. जोर एका खांबाकडून दुसऱ्याकडे तुळईतून जातो आणि तुळई थोडी वाकते. त्यामुळे कोपऱ्याचे खांब जास्त भार घेतात, मधले मागे राहतात. यावर त्यांनी दोन उपाय काढले. १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहॅम यांच्यासोबत त्यांनी बाहेरून मोठ्या तिरक्या फुल्या घातल्या, त्यामुळे भार सगळ्या खांबांत वाटला गेला. एम्पायर स्टेट इमारतीला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो लोखंड लागलं होतं, इथे १४५ किलोत भागलं. दुसरा उपाय १९७३ च्या सीअर्स टॉवरमध्ये दिसतो. तिथे नऊ नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या केल्या. काही नळ्या ५० व्या, काही ६६ व्या, तर काही ९० व्या मजल्यावर थांबतात. आकार उंचीनुसार बदलत गेल्यामुळे वाऱ्याच्या भोवऱ्यांना वरपासून खालपर्यंत एकच ताल धरता येत नाही. ११० मजल्यांचा, ४४२ मीटरचा हा टॉवर १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होता.

आम्हाला सर्वांत भावतं ते वेगळंच. इमारत थोडी तरी डोलणारच, हे खान यांना ठाऊक होतं. मग प्रश्न उरतो, माणसाला ते किती जाणवतं? शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात कपडे धुण्याच्या मशीनच्या प्रदर्शनात माणसं बसवून फिरवण्याची सोय होती. त्यांनी तिचाच उपयोग करून घेतला. लोकांना उभं करून, बसवून, झोपवून हालचाल केव्हा कळते ते तपासलं. कागदावरचं गणित बरोबर आलं म्हणजे काम झालं, असं त्यांनी कधी मानलं नाही. आत राहणाऱ्याला रात्री शांत झोप लागली पाहिजे, हा त्यांचा हिशोब होता.

माणसाची ही काळजी कामापुरती नव्हती. १९७१ मध्ये आपला मुलूख युद्धात होरपळत असताना त्यांनी शिकागोत बांगलादेशासाठी मदतीची संघटना उभी केली, निधी जमवला.

शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे जेद्दाहचं हज टर्मिनल. इथे प्रश्न उलटा होता. उंची नको, सावली हवी, तीही लाखो माणसांसाठी. प्रत्येकी ४५ मीटर लांब-रुंद असे २१० तंबू एकाच नमुन्यावर बसवले. २१ तंबूंचा एक गट, असे दहा गट. कापड सगळीकडून ओढत असतं, म्हणून गटाच्या कडेला जोडखांब आणि कोपऱ्यात चार-चार खांब लावले. तंबूचा शेंडा उघडा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. १९८३ मध्ये या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

तो सन्मान बघायला ते नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दाहमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. दफन शिकागोत झालं.

आपल्या घरात कुणी मूल गणिताला घाबरत असेल, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. आणि घरचे कुणी हजला जाऊन त्या तंबूंखाली बसले, तर त्यांनी एक दुआ या इंजिनिअरसाठीही करावी, एवढीच आमची विनंती.