गुर्लहोसूरचे अण्णासाहेब : संगीत नाटकाचा सीमाभागातला मूळपुरुष

किर्लोस्कर म्हटलं की आज लोकांना आधी इंजिन आणि पंप आठवतात. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याच गावात त्यांच्या २६ वर्षं आधी, ३१ मार्च १८४३ रोजी, बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. कानडी मुलखातलं गाव, त्यामुळे लहानपणी मराठी आणि कानडी दोन्ही भाषा कानावरच्या.

शिक्षणासाठी ते पुण्याला गेले, पण ओढा नाटकाकडे. अभ्यास अर्धवट राहिला. पुढे बेळगावात आधी मास्तरकी, मग सरकारी नोकरी. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे बेळगावचे विद्यार्थी.

तोवर मराठी नाटकात पदं म्हणायची ती सूत्रधाराने. पात्रं आपली भाषणं बरीचशी ऐनवेळी रचायची. अण्णासाहेबांनी पूर्ण संहिता लिहिली आणि पात्रांनाच गायला लावलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. कालिदासाचं नाटक, त्यात दोनशेच्या आसपास पदं! चाली घेतल्या त्या साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातून, आणि कानडी गाण्यांवरूनसुद्धा. १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं. सुभद्रेच्या भूमिकेसाठी भाऊराव कोल्हटकर मिळाले, ते बडोद्याचे.

तिसरं संगीत नाटक 'रामराज्यवियोग' मात्र पुरं झालं नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूरलाच त्यांचं निधन झालं. वय अवघं ४२, आणि 'शाकुंतल'पासून मोजली तर हाती आलेली वर्षं फक्त पाच.

किर्लोस्कर मंडळी त्यांच्या मागे चालू राहिली. १९०५ मध्ये बालगंधर्व तिच्यात आले, पुढे गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकरही.

सीमाप्रश्नाच्या वादात कोण कुठल्या राज्याचा, हे आपल्याकडे रोज निघतं. अण्णासाहेबांच्या बाबतीत ती वाटणी करताच येत नाही. गाव आज कर्नाटकात, पहिला प्रयोग पुण्यात, नायिका बडोद्याची, चालींत कानडी सूर, आणि नाटक अस्सल मराठी. कानडी चाल घेतल्याने त्यांची मराठी कमी झाली नाही, उलट नाटक घरोघरी पोचलं. सीमाभागात मराठीचा आग्रह धरताना हे विसरून चालणार नाही. शाळेतल्या मुलांना 'सौभद्र'चं नाव माहीत असतं, ते लिहिणारा आपल्याच जिल्ह्यातला, हेही त्यांना सांगायला हवं.