वसंताची नोंदवही

आपल्याकडे ऋतू बहुधा आपापल्या वेळी येतात. फाल्गुनात पळस फुलतो, चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते, आणि वसंत आला हे कोणी सांगावे लागत नाही. पृथ्वीच्या उत्तरेकडील थंड प्रदेशांत मात्र वसंताचे आगमन इतके सरळ नसते. तेथे कित्येक आठवडे जमीन बर्फाखाली दडलेली असते आणि तळी गोठून दगडासारखी कठीण होतात. मार्च महिन्यात एखादे दिवशी लख्ख ऊन पडते, छपरांवरून बर्फाचे पाणी ठिबकू लागते, कोठेतरी एखादा पक्षी गाऊ लागतो. वसंत आला म्हणून माणसे हरखून जातात, तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा हिमवर्षाव सुरू होतो. दिनदर्शिकेत वसंताची तारीख छापलेली असते, परंतु वसंत ती पाळतोच असे नाही. अशा या लहरी ऋतूच्या मागे वर्षानुवर्षे पायी हिंडून त्याच्या खुणा टिपून ठेवणारा एक पुरुष एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव हेन्री डेव्हिड थोरो.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकॉर्ड या गावी झाला. बॉस्टन शहरापासून हे गाव सुमारे २० मैलांवर आहे. त्याच्या वडिलांचा शिसपेन्सिली तयार करण्याचा धंदा होता. १८३७ साली हार्वर्ड येथील शिक्षण संपवून थोरो गावच्या शाळेत शिक्षक झाला. परंतु मुलांना छडीने मारण्याचा तेथील रिवाज त्याला मान्य नव्हता, म्हणून काही दिवसांतच त्याने ती नोकरी सोडली. पुढे त्याने आणि त्याचा वडील बंधू जॉन याने मिळून स्वतःची शाळा चालविली. हे दोघे बंधू मुलांना रानात, नदीकाठी घेऊन जात आणि झाडे व पक्षी प्रत्यक्ष दाखवीत. १८४२ साली जॉनच्या बोटाला वस्तऱ्याची लहानशी जखम झाली, तिच्यातून धनुर्वात झाला आणि तो वारला. या आघाताने थोरो फार खचला. पुढे रानावनांतील एकांतातच त्याचे मन रमू लागले.

काँकॉर्डजवळ वॉल्डन नावाचे एक खोल व नितळ तळे आहे. त्याच्या काठी थोरोने स्वतःच्या हातांनी १५ फूट लांब व १० फूट रुंद अशी एक खोली बांधली आणि ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला. माणसाला सुखाने जगण्यासाठी खरोखर किती थोडे लागते, हे त्याला स्वतः अनुभवून पाहावयाचे होते. तेथे तो दोन वर्षे दोन महिने राहिला. याच काळात, गुलामगिरी चालू देणाऱ्या सरकारला डोईपट्टी देण्याचे त्याने नाकारले आणि त्यासाठी एक रात्र तुरुंगात काढली. या अनुभवावरून त्याने लिहिलेला निबंध १८४९ साली प्रसिद्ध झाला. पुढे दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींच्या वाचनात तो आला, म्हणून आपल्या देशातही थोरोचे नाव आदराने घेतले जाते.

ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहता स्वतः पाहावे व मोजावे, हा थोरोचा स्वभाव होता. वॉल्डनला तळच नाही, अशी गावात समजूत होती. १८४६ च्या हिवाळ्यात तळे गोठलेले असताना थोरोने बर्फाला ठिकठिकाणी भोके पाडली आणि दोरीला दगड बांधून आत सोडला. सर्वांत खोल जागी १०२ फुटांवर तळ लागला. गावकऱ्यांची समजूत अशा रीतीने खोटी ठरली.

हीच मोजण्याची पद्धत त्याने वसंताला लावली. वसंत नेमका केव्हा येतो? लोक अंदाज करीत, वाद घालीत. थोरोने ठरविले, की वॉल्डनवरील बर्फ पूर्णपणे नाहीसा होण्याचा दिवस दरवर्षी लिहून ठेवावयाचा. यासाठी हे तळे फार सोयीचे होते. ते खोल होते आणि त्यातून एकही ओढा वाहत नव्हता. उथळ तळ्यात बर्फातून आत शिरणारे ऊन तळापर्यंत पोहोचते, तळ तापतो आणि बर्फ खालूनही विरघळू लागतो. ६ मार्च १८४७ रोजी थोरोने उष्णतामापक लावून पाहिले, तेव्हा वॉल्डनच्या मध्यभागी ३२ अंश फॅरनहाइट उष्णता होती, तर शेजारच्या एका तळ्यात उथळ पाण्यात, फूटभर जाड बर्फाच्या खाली, ती ३६ अंश भरली. अशी उथळ तळी चार दिवसांच्या उन्हाने लवकर मोकळी होतात आणि चार दिवसांच्या थंडीने अडूनही बसतात. खोल वॉल्डन अशा तात्पुरत्या बदलांना सहसा फसत नसे.

असे असूनही वसंताने त्याला दरवर्षी चकविलेच. १८४५ साली वॉल्डन १ एप्रिलला मोकळे झाले, १८४६ साली २५ मार्चला, तर १८४७ साली ८ एप्रिलला. १८५२ साली १८ एप्रिलपर्यंत वाट पाहावी लागली, आणि लगेच पुढच्या वर्षी २३ मार्चलाच पाणी खुले झाले. लागोपाठच्या दोन वर्षांत २६ दिवसांचे अंतर! एका वर्षाच्या अनुभवावरून दुसऱ्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. पुष्कळ वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या तरच ऋतूची चाल कळू शकेल, हे थोरोने ओळखले.

म्हणून पुढे त्याने केवळ बर्फावर समाधान मानले नाही. दलदलीत उगवणारी एक उग्र वासाची वनस्पती स्वतःच्या उष्णतेने भोवतालचा बर्फ वितळवून सर्वांच्या आधी फुलते. तिच्यापासून आरंभ करून काँकॉर्डच्या परिसरातील शेकडो वनस्पती प्रथम केव्हा फुलतात, झाडांना पालवी केव्हा फुटते, कोणता पक्षी कोणत्या दिवशी दक्षिणेकडून परत येतो, हे सारे तो टिपू लागला. जमीन मोजण्याचे काम करून तो पोट भरीत असे, आणि उरलेला वेळ भटकण्यात घालवीत असे. एखादे फूल नेमके कोणत्या दिवशी उमलते हे कळावे म्हणून चार-पाच मैलांवरच्या एकाच झुडपाकडे तो पंधरवड्यात सहा सहा वेळा जाई. गोळा केलेली रोपे ठेवण्यासाठी त्याने आपल्या टोपीच्या आत एक लहानसा कप्पा केला होता. हार्वर्डमध्ये शिकलेला हा मनुष्य चिखल तुडवीत फुले पाहत हिंडतो, हे पुष्कळांना विचित्र वाटे. काही लोक तर त्याला आळशी म्हणत.

या नोंदींतून काँकॉर्डच्या ऋतूंचे एक संपूर्ण पंचांग तयार करावे, अशी त्याची इच्छा होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याने मोठमोठ्या कागदांवर तक्ते आखले. एका बाजूला निसर्गातील घटना, दुसऱ्या बाजूला वर्षे, आणि मधल्या घरांत तारखा. परंतु डिसेंबर १८६० मध्ये कडाक्याच्या थंडीत, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवरील वर्तुळे मोजीत असता, त्याला सर्दी झाली. ती छातीत उतरली आणि जुना क्षय बळावला. १८६२ चा वसंत आला, तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. रानात फुले उमलत होती. त्यांच्या तारखा टिपण्यास थोरो जाऊ शकत नव्हता. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या अंत्यविधीला हजर राहता यावे म्हणून गावातील शाळांना सुट्टी देण्यात आली. ज्या मुलांना तो रानमेवा वेचावयास नेत असे, त्यांनी आपला वाटाड्या गमावला होता. पंचांग अपुरेच राहिले.

पण ते तक्ते वाया गेले नाहीत. सुमारे दीडशे वर्षांनंतर, एकविसाव्या शतकाच्या आरंभी, बॉस्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ते हुडकून काढले. थोरो जेथे जेथे हिंडला होता, तेथे ते पुन्हा हिंडले आणि तीच फुले केव्हा उमलतात हे पाहू लागले. फुले आता सरासरीने सुमारे एक आठवडा आधी उमलतात, असे त्यांना आढळले. वॉल्डनवरील बर्फही पूर्वीपेक्षा लवकर वितळतो. थोरोने पाहिलेल्या कित्येक वनस्पती तर तेथे आढळेनाशा झाल्या आहेत. पृथ्वीचे हवामान तापत आहे आणि त्याचा परिणाम एका लहानशा गावातील फुलांवर कसा होतो, हे त्या जुन्या नोंदींमुळेच इतक्या स्पष्टपणे कळून आले. वसंत आजही लहरीपणाने, मागेपुढे येतो. पण तो एकंदरीत कोणत्या दिशेने सरकत आहे, हे अनेक वर्षांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावाचून दिसले नसते.

थोरोजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. एक पेन्सिल, एक वही आणि रोज चालणारे दोन पाय, एवढेच त्याचे साहित्य होते. आपल्या गावचा पळस यंदा कोणत्या दिवशी फुलला, हे तेवढ्याच साहित्यावर आपणही लिहून ठेवू शकतो. मात्र थोरोप्रमाणे ते दरवर्षी, न चुकता आणि स्वतः जाऊन पाहूनच लिहिले पाहिजे.