गणितातील कविहृदय : सोफिया कोवालेव्हस्काया

गणित म्हणजे रुक्ष आकडेमोड आणि काव्य म्हणजे भावनेचा विलास, असा समज समाजात दृढ आहे. हा समज ज्यांच्या आयुष्याने खोटा ठरविला, त्या सोफिया कोवालेव्हस्काया यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १८५० रोजी मॉस्को येथे झाला. वडील तोफखान्यातील सेनाधिकारी होते. पालिबिनो येथील घरात मुलांच्या खोलीला भिंतीचा कागद अपुरा पडला, म्हणून तेथे कलनशास्त्राच्या व्याख्यानांची जुनी पाने चिकटविली गेली. त्या अगम्य चिन्हांपुढे छोटी सोफिया तासन्‌तास उभी राही. ती कविताही रचू लागली होती. शिक्षिकेला ते रुचत नसे. परंतु तिची ओढ मावळली नाही.

रशियातील विद्यापीठे स्त्रियांना बंद होती आणि परदेशगमनास पित्याची वा पतीची अनुमती लागे. म्हणून १८६८ मध्ये त्यांनी व्लादिमिर कोवालेव्हस्की यांच्याशी केवळ नावापुरता विवाह केला. बर्लिन विद्यापीठानेही दार लावून घेतले, तेव्हा थोर गणिती वायरश्ट्रास यांनी त्यांना चार वर्षे स्वतंत्रपणे शिकविले. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यासाठी सादर केलेल्या तीन प्रबंधांपैकी एक शनीच्या कड्यांविषयी होता. तरीही मायदेशी त्यांच्या योग्यतेची जागा त्यांना मिळाली नाही.

१८८३ मध्ये पतीच्या आत्मघाताचा आघात झाला. पदरी लहान मुलगी होती. अशा स्थितीत मिट्टाग-लेफ्लर यांच्या प्रयत्नाने त्या स्टॉकहोमला गेल्या आणि १८८९ मध्ये तेथे कायमच्या प्राध्यापिका झाल्या. स्थिर बिंदूभोवती फिरणाऱ्या घन वस्तूच्या गतीवरील त्यांच्या प्रबंधास १८८८ मध्ये फ्रेंच अकादमीचे बोर्दँ पारितोषिक लाभले. परीक्षकांपुढे लेखकाचे नाव नव्हते, केवळ गणित होते. त्याची थोरवी पाहून पारितोषिकाची रक्कम ३००० फ्रँकवरून ५००० करण्यात आली.

याच काळात त्यांनी बालपणीच्या आठवणी, कादंबरी आणि नाटकही लिहिले. गणित की साहित्य, ही निवड त्यांनी अखेरपर्यंत केली नाही. इतरांना न दिसणारे पाहण्याची कवीची दृष्टी गणितज्ञालाही हवी, अशी त्यांची धारणा होती. १० फेब्रुवारी १८९१ रोजी, अवघ्या ४१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आमच्या वसतिगृहात वहीच्या पुढच्या पानांवर समीकरणे सोडविणाऱ्या आणि मागच्या पानांवर कविता लिहिणाऱ्या मुली आहेत. त्यांनी कोणतेही पान फाडू नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.